ट्राम हद्द ओलांडते तेव्हा : ऱ्हाईनकाठचे नऊ दिवस

तीस वर्षे नगररचना खात्यात नोकरी केल्यावर माणसाला देखावा आधी दिसत नाही, नकाशा दिसतो. त्यामुळे डॉर्टमुंडच्या विद्यापीठात प्रादेशिक नियोजन शिकणारी माझी भाची जेव्हा म्हणाली, "मावशी, राजवाडे आणि चर्च सगळेच बघतात, तू माझ्या अभ्यासक्रमातली शहरं बघायला ये," तेव्हा मी फार आढेवेढे घेतले नाहीत. निवृत्तीनंतरचे दुसरे वर्ष होते. सप्टेंबर २०२५ मधले नऊ दिवस हाताशी होते. मार्ग ठरवताना एकच सूत्र धरले. ऱ्हाईन नदीच्या काठाने, प्रवाहाच्या दिशेने, स्वित्झर्लंडच्या सीमेपासून नेदरलँड्सपर्यंत जायचे.

एक प्रश्न मात्र घरूनच बरोबर नेला होता. शहर भरून वाहू लागले की हद्दवाढ करायची, हा उपाय आमच्या हाडीमांसी मुरलेला आहे. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, हे ताजे उदाहरण. ज्या शहरांना अशी हद्द पुढे सरकवताच येत नाही, कारण पुढे दुसरे राज्य किंवा थेट दुसरा देश असतो, ती शहरे काय करतात, हे मला पाहायचे होते.

पहिला दिवस : फ्रायबुर्ग

मुंबईहून पहाटे फ्रँकफुर्टला उतरले आणि अकराच्या सुमारास फ्रायबुर्गच्या रस्त्यावर होते. अर्ध्या तासात माझा उजवा बूट भिजला. या गावाच्या जुन्या भागात रस्त्यांच्या कडेने हातभर रुंदीचे दगडी पाट वाहतात, त्यांना 'बेश्ले' म्हणतात. डोंगरातून आलेल्या ओढ्याचे स्वच्छ पाणी त्यांतून खळाळत असते आणि लहान मुले त्यांत दोरी बांधलेल्या लाकडी होड्या ओढत नेतात. चुकून ज्याचा पाय त्यात पडतो, त्याचे लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होते, अशी समजूत आहे. माझ्या लग्नाला चौतीस वर्षे झाली आहेत, असे मी फळवालीला सांगितले. त्यावर तिने शांतपणे आलुबुखार तोलत उत्तर दिले, "पाण्याला ते ठाऊक नसतं."

ही फळवाली कॅथेड्रलच्या चौकातल्या बाजारात बसते. रविवार सोडून रोज सकाळी भरणाऱ्या या बाजाराची विभागणी मला फार आवडली. कॅथेड्रलच्या उत्तरेला आसपासच्या गावांतले शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात आणि दक्षिणेला व्यापारी. तिची बाग पश्चिमेला कायझरश्टूलच्या टेकड्यांत आहे. याच टेकड्यांच्या पायथ्याशी वील गावात १९७५ च्या फेब्रुवारीत द्राक्षबागायतदारांनी अणुवीज प्रकल्पाची जागा ताब्यात घेतली होती आणि ऱ्हाईनच्या पलीकडचे फ्रेंच शेतकरी त्यांच्या मदतीला आले होते. प्रकल्प कधीच झाला नाही. आज 'हरित शहर' म्हणून फ्रायबुर्गचे नाव जगभर घेतले जाते. त्याची सुरुवात शहरातल्या कार्यालयात झाली नव्हती, बाहेरच्या बांधावर झाली होती.

या शहराने आणखी एक निर्णय फार आधी घेतला होता. २७ नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुने गाव जवळजवळ भुईसपाट झाले. उभे राहिले ते कॅथेड्रल. पुनर्बांधणीच्या वेळी मोटारींसाठी रुंद सरळ रस्ते आखण्याची आयती संधी होती, तरी जुन्याच रस्त्यांच्या रेषा आणि ट्राम दोन्ही ठेवण्यात आल्या. ज्यांनी कधी रस्तारुंदीकरणाच्या सुनावण्या घेतल्या आहेत, त्यांना हे किती अवघड असते ते कळेल.

(बाजार दीड-दोनपर्यंत उठतो, तेव्हा सकाळीच जावे. रविवारी जर्मनीत जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच दूध-पाव घेऊन ठेवावा.)

दुसरा दिवस : व्होबाँ

फ्रेंच सैन्याची छावणी १९९२ मध्ये रिकामी झाली आणि त्या जागेवर व्होबाँ ही वसाहत उभी राहिली. आज तिथे साडेपाच हजारांच्या आसपास लोक राहतात. मधोमध हिरवळीतून ट्राम जाते आणि रुळांत खरोखरच गवत वाढलेले असते. बाजूच्या गल्ल्यांत मोटारी उभ्या करता येत नाहीत. सामान उतरवायला गाडी आत येते, चालण्याच्या वेगाने, आणि पुन्हा बाहेर जाते. रस्त्यावर खडूने काढलेली घरे, उलटी पडलेली सायकल, चेरीच्या झाडाला टांगलेला झोका. एवढी शांतता मी फक्त संचारबंदीत अनुभवली होती, पण इथे ती मुलांच्या आरड्याओरड्यासकट होती.

मला खरा रस होता तो पार्किंगच्या नियमात. राज्याचा बांधकाम कायदा म्हणतो की प्रत्येक घरामागे मोटारीची एक जागा हवी. मग ज्यांच्याकडे मोटारच नाही त्यांचे काय? एका इमारतीसमोर वाफ्यातले टोमॅटो तोडणाऱ्या सत्तरीच्या बाईंनी मला ते समजावून दिले. मोटार असणाऱ्याने वसाहतीच्या कडेला असलेल्या बहुमजली वाहनतळात जागा विकत घ्यायची. नसणाऱ्याने तसे लेखी द्यायचे आणि एका संस्थेत थोडी रक्कम भरायची. त्या रकमेतून संस्थेने एक मोकळा भूखंड राखून ठेवला आहे. उद्या सगळ्यांनी मोटारी घेतल्या, तर त्या भूखंडावर वाहनतळ बांधता येईल, म्हणजे कायदा पाळला गेला. तोपर्यंत तिथे गवत आहे.

"आणि तो 'उद्या' कधी येणार?" मी विचारले.

"आम्ही राहायला आलो तेव्हापासून तिथे चेंडूच खेळतात," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे 'आरक्षण' हा शब्द उच्चारला की जमीनमालकाच्या पोटात गोळा येतो. इथे न बांधण्यासाठी आरक्षण ठेवलेले होते. तो भूखंड मी दोनदा चालून पाहिला. दुसऱ्या फेरीत एका मुलाने मला चेंडू परत द्यायला लावला.

पुढे वास्तुविशारद रोल्फ डिश यांची सौर वसाहत आहे. ५९ घरांच्या त्या रांगा वर्षाकाठी वापरतात त्यापेक्षा अधिक ऊर्जा निर्माण करतात, आणि बाकीच्या वसाहतीला लाकडाच्या तुकड्यांवर चालणाऱ्या केंद्रातून ऊब पुरवली जाते. हे सगळे छायाचित्रांत छान दिसते. पण टोमॅटोवाल्या बाईंचे शेवटचे वाक्य छायाचित्रात मावणारे नव्हते. त्यांच्या मुलीला या गावात घर परवडत नाही, म्हणून ती तीस किलोमीटरवरून ये-जा करते. उत्पन्नाच्या मानाने फ्रायबुर्गची घरभाडी जर्मनीतल्या सर्वांत चढ्या भाड्यांमध्ये मोजली जातात. गाव चांगले झाले की महाग होते, आणि महाग झाले की परिचारिका, ट्रामचालक आणि शिक्षक बाहेर ढकलले जातात. त्यावर उपाय म्हणून पश्चिमेला डीटेनबाख हा नवा भाग, सुमारे ६,९०० घरे आणि १६,००० लोकवस्तीचा, शेतजमिनीवर उभारायचे ठरले. शेतकऱ्यांनी विरोध केला, फेब्रुवारी २०१९ मध्ये सार्वमत झाले आणि ६० टक्के मतदारांनी बांधा असे सांगितले. निम्मी घरे अनुदानित भाड्याची असावीत असे उद्दिष्ट आहे. शेत वाचवणारे आणि घर मागणारे, दोघेही स्वतःला पर्यावरणवादी म्हणवणारे, एकाच मतपेटीपुढे उभे राहिले. आमच्या हरकती-सूचनांच्या रजिस्टरात एवढा स्वच्छ झगडा मी कधी पाहिला नव्हता.

त्या मुलीची ये-जा तरी कशी जमते? शहराने शेजारच्या दोन जिल्ह्यांशी करार करून १९९१ पासून तिन्ही मिळून एकच वाहतूक पास ठेवला आहे. ब्लॅक फॉरेस्टमधल्या शेवटच्या खेड्यातली बस आणि शहरातली ट्राम त्याच पासावर चालते. तेव्हाचा तो पास आजही 'रेगिओकार्टे' या नावाने ओळखला जातो.

तिसरा आणि चौथा दिवस : बाझल

फ्रायबुर्गहून दक्षिणेला तासाभरात बाझल. येथे ऱ्हाईन काटकोनात वळते आणि जर्मनी, फ्रान्स व स्वित्झर्लंड या तिन्ही देशांच्या सीमा एकमेकींना मिळतात. बाझल-शहर हा स्वित्झर्लंडचा क्षेत्रफळाने सर्वांत लहान कॅन्टन, म्हणजे घटक राज्य, जेमतेम ३७ चौरस किलोमीटरचा, आणि त्यातही तीन स्वतंत्र नगरे. हद्दवाढ हा शब्द इथे निरर्थक आहे. उत्तरेला हद्द वाढवायची तर जर्मनीवर चाल करून जावे लागेल.

तेव्हा त्यांनी ट्राम पाठवली.

आठ क्रमांकाची ट्राम डिसेंबर २०१४ पासून जर्मनीतल्या वाइल गावापर्यंत जाते आणि तीन क्रमांकाची डिसेंबर २०१७ पासून फ्रान्समधल्या सँ-लुई स्थानकापर्यंत. या दोन्ही मार्गांच्या खर्चाला स्विस संघराज्याच्या निधीतून मदत मिळाली आहे. म्हणजे स्विस करदात्याच्या पैशाने परक्या देशाच्या जमिनीवर रूळ पडले. त्यांचा हिशोब सरळ आहे. रोज हजारो माणसे शेजारच्या देशांतून बाझलच्या औषधकंपन्यांत आणि रुग्णालयांत कामाला येतात. ती मोटारीने आली तर कोंडी बाझलमध्ये होणार. ज्याच्या दारात कोंडी, त्याने रूळ टाकावेत, मग ते कोणाच्या का अंगणात असेनात.

चौथ्या दिवशी सकाळी मी आठ क्रमांकाने वाइलला गेले. पासपोर्ट काढून हातात धरला होता, पण कोणी विचारला नाही. परतीच्या ट्राममध्ये मात्र उभे राहायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या पायाशी दोन-दोन फुगलेल्या पिशव्या, आणि बहुतेकांच्या हातात हिरव्या रंगाची पावती. जर्मनीत खरेदी करून माल देशाबाहेर नेला की त्यावरचा कर परत मिळतो, म्हणून बाझलकर किराणा आणायला सीमेपार जातात आणि सीमेवर उतरून त्या पावतीवर शिक्का मारून घेतात. शेजारच्या आजींच्या पिशवीतून दह्याचे बारा डबे आणि शांपूच्या चार बाटल्या डोकावत होत्या. शिक्क्याच्या रांगेत त्या एवढ्या चपळाईने घुसल्या की मला दादर स्थानकाची आठवण झाली. वाइलच्या दुकानदारांची चंगळ आहे. पण तिथल्या रहिवाशांना सणासुदीच्या आधीच्या शनिवारी स्वतःच्याच गावात दूध घ्यायला रांग लावावी लागते, असे एका बेकरीवाल्याने सांगितले. समतोल विकासाचा ताळेबंद असा रांगेतच कळतो.

दुपारी वाइलहून पायी पूल ओलांडून फ्रान्समधल्या युनँग गावात गेले. सुमारे अडीचशे मीटर लांबीचा हा पूल २००७ चा, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी. जर्मनीत कॉफी, फ्रान्समध्ये लिंबाचा टार्ट आणि संध्याकाळी स्वित्झर्लंडमध्ये पोहणे, असा त्या दिवसाचा हिशोब.

होय, पोहणे. बाझलमध्ये उन्हाळ्यात कार्यालय सुटले की लोक कपडे एका माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत भरतात, तिचे तोंड गुंडाळतात आणि ती छातीशी धरून नदीत उतरतात. प्रवाह त्यांना दोन पूल पुढे नेऊन सोडतो. मी सांगलीच्या घाटावर कृष्णेत पोहायला शिकलेली. वय साठ असले तरी नदीपुढे हार मानणे जमले नाही. लॉजच्या मालकिणीने पिशवी उसनी दिली. पाणी गार होते आणि प्रवाहाला चांगलीच ओढ होती. पहिल्या पुलाखालून जाताना दगडी खांबाचा आवाज पाण्यातून ऐकू आला.

याच नदीच्या काठी, शहरापासून जरा वर, श्वाइत्सरहाले येथे १ नोव्हेंबर १९८६ रोजी रसायनांच्या गोदामाला आग लागली होती. आग विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी लाल झाले आणि खाली फ्रान्स-जर्मनीपर्यंत ईल मासे मेले. पुढच्याच वर्षी ऱ्हाईनकाठच्या देशांनी मिळून नदीच्या शुद्धीकरणाचा कृती कार्यक्रम हाती घेतला. वरच्या गावाने काय सोडले हा खालच्या गावाचा प्रश्न असतो, हे कागदावर मान्य व्हायला लाल पाणी यावे लागले.

(पोहताना उजव्या तीराच्या बाजूनेच राहावे, मधून जहाजे जातात. चांगले पोहता येत नसेल तर दोरावर, केवळ प्रवाहाच्या जोरावर तीर गाठणाऱ्या लाकडी नावेत बसावे. शहरातल्या कारंज्यांचे पाणी पिण्याजोगे असते, बाटली विकत घेऊ नये. हॉटेलात मुक्काम केला की शहरातील वाहतुकीचा पास मोफत मिळतो.)

पाचवा दिवस : स्ट्रासबुर्ग आणि केल

दिवसभर पाऊस. फ्रान्सने १९६० च्या दशकात पॅरिसचा भार हलका करण्यासाठी देशभरात आठ 'समतोल महानगरे' निवडली, त्यांतले स्ट्रासबुर्ग एक. परंतु सीमेवरच्या महानगराला अर्धाच परिसर मिळतो. उरलेला अर्धा नदीपलीकडे, परक्या भाषेत. शतकभर हे शहर ऱ्हाईनकडे पाठ करून बसले होते. दोन्ही महायुद्धांनंतर ते स्वाभाविकही होते. नदीच्या बाजूला होती ती गोदामे, बंदर आणि जकात नाके.

१९९४ मध्ये महापौर कॅथरीन ट्रौटमान यांच्या काळात येथे ट्राम परत आली. मोटारींना मध्यवर्ती चौकातून हटवून ती धावली, म्हणून तेव्हा व्यापाऱ्यांनी बरीच ओरड केली होती. एप्रिल २०१७ पासून तिची एक शाखा नव्या पुलावरून जर्मनीतल्या केलपर्यंत जाते. आता बंदराच्या त्या जुन्या पट्ट्यात घरे उठत आहेत. तिथेच २०१४ पासून एक पाळणाघर चालते. ६० मुले, निम्मी फ्रेंच, निम्मी जर्मन, आणि सांभाळणाऱ्या बायका दोन्ही भाषा बोलणाऱ्या. दाराशी टांगलेले छोटे रेनकोट मला दिसले. कुठला कोणत्या देशाचा ते कळायला मार्ग नव्हता. परतताना मात्र ट्राममध्ये जर्मन पोलिस चढले आणि त्यांनी डब्यातल्या मोजक्याच लोकांचे कागद पाहिले. त्या मोजक्यांत मी होते. २०२० च्या साथीत सीमा बंद झाली तेव्हा ही ट्राम पुलाअलीकडेच थांबत असे, हे शेजारच्या प्रवाशाने मला सांत्वनासारखे सांगितले.

जेवायला इथे पातळ पोळीवर कांदा, मलई आणि डुकराचे मांस घालून भाजलेला 'टार्ट फ्लांबे' मिळतो. मांस नको असल्यास मागवतानाच सांगावे, कांदा-मलईचा तसाच छान लागतो.

सहावा ते आठवा दिवस : रूर

एसेनला भाची स्थानकावर आली होती. माझी गाडी दीड तास उशिरा पोहोचली. त्याबद्दल मी बोलणार, तोच ती म्हणाली, "मावशी, इथे हवामानाबद्दल बोलतात तसं गाड्यांबद्दल बोलतात. पुढचा विषय काढ."

रूर हे एक शहर नव्हे. ५३ नगरपालिका, सुमारे ५१ लाख लोक, आणि एकाची वस्ती कुठे संपते नि दुसऱ्याची कुठे सुरू होते ते फलक पाहिल्याशिवाय न कळणारा सलग पट्टा. कोळसा आणि पोलादाने तो दीडशे वर्षे पोसला. १९२० मध्येच येथे नगरपालिकांच्या डोक्यावर एक प्रादेशिक नियोजन संस्था बसवली गेली. रोबर्ट श्मिट हे तिचे पहिले प्रमुख. कारखान्यांच्या त्या गर्दीत दोन शहरांच्या मधले उत्तर-दक्षिण हरित पट्टे तिने राखले. ते आजही नकाशावर बोटांसारखे दिसतात. 'ना-विकास क्षेत्र' लिहून रंग भरणे आम्हीही केले आहे. शंभर वर्षांनंतर तो रंग जमिनीवर सापडणे ही निराळी गोष्ट.

मात्र याच रूरमध्ये मला प्रवासातला सर्वांत मोठा धक्का बसला. एसेन आणि बोखुमच्या ट्रामच्या रुळांमधले अंतर एक मीटर आहे, डॉर्टमुंड आणि डुइसबुर्गच्या रुळांमधले १.४३५ मीटर. त्यामुळे एका भाषेच्या, एका देशाच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या शहरांच्या ट्राम एकमेकांच्या रुळांवर जाऊच शकत नाहीत. बाझलची ट्राम दोन परदेशांत जाते आणि इथे बोखुमची शेजारच्या डॉर्टमुंडला नाही! भाचीने खांदे उडवले. "प्रत्येक शहराची स्वतःची कंपनी, स्वतःचा महापौर. नदी असती मध्ये, तर कदाचित पूल बांधला असता."

सातव्या दिवशी त्सोलफराइनची खाण पाहिली. खाण १९८६ मध्ये बंद झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. कोळसा धुण्याच्या अवाढव्य इमारतीत आता संग्रहालय आहे, आणि रुळांच्या मधून बर्चची पांढरी झाडे आपोआप उगवून जंगल झाले आहे. दारापाशी एका 'बूडं'वर, म्हणजे आपल्या पानटपरीसारख्या पण बिअर, वर्तमानपत्रे आणि सुट्या गोळ्या-चॉकलेटे विकणाऱ्या खिडकीवर, आम्ही तळलेल्या बटाट्याच्या फोडी घेतल्या. वर अर्ध्या भागात लाल केचप आणि अर्ध्या भागात पांढरे मेयोनेझ. याला रूरमध्ये 'श्रांके' म्हणतात, म्हणजे रेल्वे फाटकाचा लाल-पांढरा अडसर.

तिथे उभे असलेले एक गृहस्थ तुर्कस्तानातल्या झोंगुलडाकहून १९७० च्या दशकात कोळसा खणायला आले होते. भाचीने दुभाषाचे काम केले. किती खोल जात होता, असे मी विचारले. त्यांनी आकडा सांगितला नाही. डाव्या हाताची पाठ पुढे केली. तिच्यावर कातडीखाली निळसर ठिपके होते, जखमेत राहून गेलेल्या कोळशाच्या भुकटीचे. मग म्हणाले, "खाली असताना आपण एसेनच्या खाली आहोत की गेल्सनकिर्शनच्या, ते कोणाला ठाऊक नसे. वर आल्यावर लोक भांडत."

खाली काय झाले ते वर दिसते. इतका कोळसा काढला की काही ठिकाणी जमीन वीस-पंचवीस मीटर खचली आहे. पंप थांबले तर या प्रदेशाच्या मोठ्या भागाचे तळे होईल. शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रोपला बंद झाली, पण उपसा चालूच राहणार. त्यासाठी २००७ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन करून पैसा बाजूला ठेवला आहे. भाचीच्या पाठ्यपुस्तकात या कामांचे नाव 'अनंतकाळची कामे' असे आहे. अंदाजपत्रकात 'अनंतकाळ' हा कालावधी मी प्रथमच वाचला.

याच खचण्यामुळे एम्शर नदीचे गटार झाले होते. जमीन हलत असल्याने जमिनीखाली मैलावाहिन्या टिकत नसत, म्हणून १८९९ मध्ये नदीकाठच्या शहरांनी आणि उद्योगांनी मिळून एक सहकारी संस्था काढली आणि नदीलाच काँक्रीटच्या सरळ पन्हळीत बसवून उघडे मैलापाणी तिच्यातून वाहू दिले. शंभर वर्षे ती तशीच वाहिली. पोरे तिच्या ओढ्यांना 'क्योटलबेकं' म्हणत. या शब्दाचे भाषांतर शिष्ट मराठीत होत नाही. खाणकाम उत्तरेकडे सरकल्यावर, १९९२ पासून, त्याच संस्थेने ते उलटे करायला घेतले. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकनपर्यंत ५१ किलोमीटर लांबीची भूमिगत मैलावाहिनी टाकली, काँक्रीट फोडले, काठ उतरते केले. २०२१ च्या अखेरीस नदीत मैलापाणी यायचे थांबले. तीस वर्षे आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो.

आठव्या दिवशी सायकली घेऊन आम्ही डॉर्टमुंडच्या ह्योर्डे भागात तिच्या काठाने गेलो. नदी म्हणण्याजोगे काही नव्हते, फार तर मोठा ओढा. वेताची झुडपे, निळे चतुर, पाण्यात उतरलेला एक कुत्रा आणि त्याला हाका मारणारी बाई. बाजूला फिनिक्स तलाव आहे. तिथे पोलादाचा कारखाना होता. तो सुटा करून चिनी कामगारांनी चीनला नेला आणि उरलेल्या खड्ड्यात २०१० पासून पाणी भरले. एका तीरावर काचेचे बंगले आणि शिडाच्या होड्या, मागच्या गल्लीत कबाबची दुकाने आणि बंद पडलेली शटर. "माझ्या खोलीचं भाडं तिकडच्या एका पार्किंगएवढं असेल," उत्तरेकडच्या वस्तीत राहणारी भाची म्हणाली. तलाव कोणासाठी झाला, हा प्रश्न तिच्या वर्गात दर वर्षी परीक्षेला येतो म्हणे.

मी मात्र ओढ्याकडेच पाहत होते. १९९८ मध्ये एका तालुक्याच्या गावी नाल्यावर स्लॅब टाकून वर बाजाराचे पार्किंग करण्याच्या फायलीवर माझी सही आहे. घाण दिसायला नको, दुर्गंधी नको आणि जागाही मिळते, असा तो प्रस्ताव होता. आराखड्यात नाल्याची निळी रेषा तशीच ठेवली होती, स्लॅबवरून. हे मी भाचीला सांगितले. ती काही बोलली नाही, सायकलची घंटी मात्र उगाच दोनदा वाजवली.

(जर्मनीभर स्थानिक गाड्या, बस आणि ट्रामसाठी मासिक 'डॉइचलांड-टिकिट' मिळते, आमच्या वेळी ५८ युरोला. ते जलद गाड्यांना चालत नाही आणि दर महिन्याला आपोआप नूतनीकरण होते, म्हणून १० तारखेच्या आत रद्द करायला विसरू नये. सायकलवाटा उत्तम आहेत, पण सलग नाहीत. एसेन आणि म्युलहाइमच्या मधला जुन्या रेल्वेमार्गावरचा टप्पा सर्वांत चांगला.)

नववा दिवस : युट्रेख्त

शेवटच्या दिवशी भाचीसह नेदरलँड्स. येथे ऱ्हाईन फाटे फुटून पांगते आणि तिचा एक जुना, वाकडातिकडा फाटा युट्रेख्तच्या कालव्यांना पाणी देतो. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग आणि युट्रेख्त ही शहरे कडे करून वसली आहेत आणि मधला कुरणांचा प्रदेश 'हिरवे हृदय' म्हणून मोकळा ठेवण्याचे धोरण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आले आहे. त्याची किनार अधूनमधून कुरतडली जाते, तरी संध्याकाळी विमानतळाच्या गाडीतून ओल्या कुरणातल्या गाई दिसल्याच.

स्थानकाखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे. पहिले २४ तास मोफत. त्यात भाचीने भाड्याची सायकल कुठे लावली तेच विसरल्याने आमचा पाऊण तास गेला. मग शहराभोवतीचा जुना खंदक. १९७० च्या सुमारास त्याचा एक भाग बुजवून तिथे खोलगट मोटाररस्ता केला होता. २००२ च्या सार्वमतात लोकांनी पाणी परत मागितले आणि सप्टेंबर २०२० मध्ये खंदकाचे वर्तुळ पुन्हा पूर्ण झाले. ज्या जागी मोटारी धावत, तिथे दोन शाळकरी मुली वल्ह्यांनी फळीवर उभ्या राहून एकमेकींवर पाणी उडवत होत्या. काठावर पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. मी तिथे बसून छायाचित्र काढले आणि त्या तालुक्याच्या गावी अजून नोकरीत असलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवले. खाली लिहिले, "इथे रस्ता होता."

उत्तर विमानतळावर आले. "मॅडम, छान आहे. आपला स्लॅब अजून आहे. यंदा गणपतीच्या आधी दोन दिवस बाजारात कमरेएवढं पाणी होतं. नाल्याच्या मूळ मोजणीचा नकाशा तुमच्या कपाटात होता, तो कुठे ठेवला ते आठवतं का?"

मला आठवत होते. डाव्या खणात, लाल फितीची फाईल. तसे त्यांना कळवले आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी राहिले.